तांब्याबाहेरचं पाणी येतं कुठून?

प्रश्न : वेल्हे तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत मी तिसरी-चौथी एकत्र शिकवते. प्रयोगशाळा नाही. मुलं ‘सांद्रीभवना’ची, म्हणजे वाफेचं पाणी होण्याची, व्याख्या धडाधड म्हणतात. पण थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला का होतो, असं विचारलं तर निम्मा वर्ग म्हणतो, “आतलं पाणी झिरपतं.” मी बरोबर उत्तर फळ्यावर लिहिलं, त्यांनी उतरवून घेतलं, पण त्यांना ते पटलेलं नाही. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, मुलांच्या घरात माठ आहे ना? माठ खरोखरच पाझरतो, आणि ते पाझरलेलं पाणी उडून जाताना आतलं पाणी गार होतं. मुलांनी माठाचा अनुभव तांब्याला लावला. उत्तर चुकलं, पण त्यामागे विचार आहे. तो पुसून टाकू नका, तपासायला द्या. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं; यातली निम्मी वर्षं मीही उत्तर आधी सांगून टाकत होतो, याची आज हळहळ वाटते.

सकाळी एक कोरा माठ आणि एक स्टीलचा तांब्या साध्या पाण्याने भरून ठेवा. तुमचं तिसरीचं गणित होईपर्यंत थांबायला हरकत नाही. दुपारी मुलांना हात लावून बघू द्या : माठ ओलसर, तांब्या कोरडा. मग किराणा दुकानातून बर्फ आणा, तांब्यात टाका आणि पाण्यात जिलबीचा लाल रंग कालवा. बाहेर थेंब जमले की पांढऱ्या रुमालाने पुसा. रुमालाला लाल डाग पडत नाही.

इथे गप्प राहा. माझ्या वर्गात एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, पाणी काठावरून उडी मारत असेल.” आम्ही वर ताटली झाकली. तरी थेंब आले. बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मग तीच हळूच म्हणाली, “मग हवेतनं?” सांद्रीभवन हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. तोवर मुलांना त्याची गरज पडलेली असते.

हा प्रयोग पावसाळ्यात करा. चैत्रात हवा कोरडी असली तर थेंब कमी येतात. पण त्या वेळी तो पुन्हा करून बघाच, “आता का कमी?” हा प्रश्न मुलं स्वतः विचारतील.

प्रयोगशाळेची खंत सोडा. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली, त्यात खेड्यातल्याही शाळा होत्या. सजीवांच्या धड्यालाही हेच. एका काडीला तीन वाल बांधा, काडी पेल्यात उभी करा आणि पाणी मधल्या वालाच्या निम्म्यापर्यंत ठेवा. खालचा बुडालेला, वरचा कोरडा. कोणता रुजेल, हे आधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या. पाणी रोज तेवढंच राखायला विसरू नका, नाहीतर मधलाही वाळतो.