हृदयनाथांच्या चाली गाता का येत नाहीत, आणि बहिणींचं काय

तुमचे दोन प्रश्न आहेत. लता-आशा घरात नसत्या तर हृदयनाथ मंगेशकर कोणाला माहीत झाले असते का, आणि त्यांच्या चाली ऐकायला गोड पण गायला बसलं की घाम का फुटतो. दोन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलंय म्हणून एकत्रच लिहितो, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिल्यांदा घर. मास्टर दीनानाथ एप्रिल १९४२ मध्ये गेले, बाळासाहेबांचा, म्हणजे हृदयनाथांचा, जन्म ऑक्टोबर १९३७ चा. म्हणजे वडिलांसमोर बसून तालीम घ्यायचं ते वयच नाही. पण घरात ते गाणं होतंच. 'परवशता पाश दैवे' दीनानाथांच्या आवाजात एकदा नीट ऐका, सूर कुठून कुठे उडी मारतो ते बघा, पुढची जागा कुठली येईल याचा अंदाजच लागत नाही. आणि हा मुलगा पुढे शिकला कोणाकडे, तर उस्ताद अमीर खाँसाहेबांकडे! म्हणजे बरोब्बर उलट टोक, अतिविलंबित, संथ, एकेका सुरावर ठाण मांडून बसणारं गाणं. माझ्या मते बाळासाहेबांची चाल म्हणजे या दोघांचं भांडण आहे, वरून शांत वाटते आणि मध्येच कुठेतरी अशी वळते की गाणारा तोंडावर आपटतो.

'जिवलगा, राहिले रे दूर घर माझे' घ्या. मी हौशी गायकांना पेटीवर साथ करतो, हे गाणं दर स्पर्धेत कोणीतरी आणतंच आणि तयारी बहुतेक अंतऱ्यांची असते. खरी मारामारी पहिल्या शब्दातच. 'जिवलगा' या हाकेतली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, पेटीवर निघतच नाही, पेटीला दोन पट्ट्यांच्या मधलं काही कळत नाही ना. त्यामुळे पेटीवर चाल बसवणारे सगळे सूर बरोबर लावतात आणि गाणं मात्र भलतंच होतं. ते आशाबाईंच्या गळ्यावरूनच उचलावं लागतं.

आता इथेच बहिणींचा मुद्दा येतो. हो, फायदा झाला, भरपूर झाला. घरात असे गळे असल्यावर चाल सुचतानाच तशी सुचते, हे गाता येईल का हा प्रश्नच पडत नाही, दुसऱ्या संगीतकाराला पडतो. पण नुसतं घरचं नाव पुरलं असतं तर हिंदीत रांग लागली असती. १९५५ च्या 'आकाशगंगा'पासून काम करतायत आणि हिंदीत मोजकेच सिनेमे, 'मशाल', 'लेकिन', 'माया मेमसाब' असे. 'लेकिन'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याची निर्मिती लताबाईंची होती हे खरंय, पण 'यारा सीली सीली' ऐकून कोणी वशिला म्हणणार असेल तर नमस्कार. आणि बहिणींपलीकडे बघायचं तर 'मी डोलकर'मध्ये हेमंतकुमार आहेत, 'जैत रे जैत' सिनेमात रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे आहेत. (तसं त्या घरात चाली लावणारे ते एकटे नव्हतेच, बहीण मीनाताई खडीकरांची बालगीतं आपण सगळेच ऐकत मोठे झालो आणि लताबाई 'आनंदघन' नावाने संगीत द्यायच्या.)

मला विचाराल तर हृदयनाथांचं मोठं काम कवितेचं आहे. सुरेश भट, आरती प्रभू, ग्रेस, महानोर, शांताबाई शेळके, ही यादी बघा. ग्रेसची कविता वाचून अर्ध्या लोकांना कळत नाही आणि 'ती गेली तेव्हा रिमझिम' रिक्षावालासुद्धा गुणगुणतो, हे चालीने केलंय. आरती प्रभूंचं 'ये रे घना' तसंच. आणि तोच माणूस ज्ञानेश्वरांचं 'मोगरा फुलला' करतो, मीरेची भजनं करतो, 'जैत रे जैत'मध्ये महानोरांच्या शब्दांना अशा चाली लावतो की 'आम्ही ठाकर ठाकर' हे पिढ्यान्‌पिढ्यांचं लोकगीतच आहे असं वाटावं.

तुम्ही शिकताय म्हणून सांगतो, सुरुवात बायकांच्या आवाजातल्या गाण्यांनी करूच नका. 'ती गेली तेव्हा' त्यांनी स्वतः गायलंय 'निवडुंग' सिनेमात, ते धरा. गळा बहिणींसारखा नाही, त्यामुळे चालीचा सांगाडा स्वच्छ दिसतो, श्वास कुठे घेतलाय आणि ओळ कुठे मुद्दाम लांबवलीय ते कळतं. ते आधी कविता म्हणून मोठ्याने वाचा, मग कराओके वगैरे. आणि तबलजीला आधीच सांगून ठेवा, मध्ये लग्गी, म्हणजे ती जलद लयीतली तबल्याची करामत, लावू नको बाबा.