बॉइझीत अ‍ॅपलूसा घोडे घेऊन विकायचे का? एका वाचकाला उत्तर

नमस्कार दादा, तुमचा मेसेज नीट वाचला. अमेरिकेत आयडाहो राज्यात बॉइझीजवळ मेरिडियनला राहता, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, ४०,००० डॉलर बाजूला पडलेत, मुलगी रायडिंग शिकतेय आणि ओळखीचा एक ब्रीडर दीड वर्षाची दोन अ‍ॅपलूसा (ठिपकेदार घोड्यांची जात) शिंगरं ३,००० ला एक अशी देतोय, वर्षभर ठेवून ट्रेन करून इथेच ७,००० ला एक विकायची असा प्लॅन. माझं उत्तर नाही असंच आहे, पण का ते सांगते.

तुम्ही खरेदी ६,००० आणि ट्रेनरचे ३,६०० धरून ४,४०० नफा काढलाय. पण बोर्डिंगचा, म्हणजे घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवण्याचा, एकामागे महिन्याला ४५० चा रेट तुम्हीच खाली लिहिलाय, तो हिशोबात कुठेच नाही! दोघांचे वर्षाचे १०,८०० होतात. त्यात दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येऊन खूर कापणार, लसी, जंताचं औषध, दात, सगळं मिळून दोघांचे कमीत कमी २,००० धरा. एकूण २२,४०० घालून १४,००० हातात, म्हणजे ८,४०० चा खड्डा, तोही कोणी आजारी पडलं नाही तर. शिवाय वर्षाने ती अडीच वर्षांची होतील, त्या वयात पाठीवर माणूस घ्यायची जेमतेम सुरुवात असते, नवशिक्या गिऱ्हाइकाला असा घोडा नको असतो, आणि विकला जाईपर्यंत चारा चालूच राहतो.

आता ठिपक्यांबद्दल. आयडाहोचा स्टेट हॉर्स, म्हणजे राज्याचा अधिकृत घोडा, म्हणून इथे अ‍ॅपलूसाचं कौतुक खूप आहे, इथल्या नेझ पर्स या मूळ रहिवासी जमातीने जपलेली ही जात, पण ठिपके बघून भाव देऊ नका कारण वयाबरोबर रंग बदलतो. खरं बघायचं ते डोळे. ज्या जीनमुळे ठिपके येतात तो आई-बाप दोघांकडून आला तर घोडा जन्मापासून रातांधळा असतो, दिवसा बघून आपल्याला काहीच कळत नाही आणि संध्याकाळी तो अंधाऱ्या दारात शिरायला बिचकतो. युव्हिआयटिस नावाचा डोळ्यांचा आजारही या जातीत इतरांपेक्षा बराच जास्त, डोळा सारखा मिचकावणं, पाणी गळणं, बुबुळावर निळसर धुरकटपणा, आणि दृष्टी गेली की घोड्याची किंमतही गेली.

सगळ्यात मोठी काळजी मात्र तुमच्या व्हिसाची आहे. एच-१बी वर विकण्यासाठी घोडे घेणं, ट्रेन करवणं, गिऱ्हाईक शोधणं हा धंदा धरला जाऊ शकतो, चार हजारांसाठी ग्रीन कार्डची फाइल धोक्यात घालायची का, हे आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. टॅक्सचंही असंच. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याने, हॉबी मानली तर उत्पन्नावर टॅक्स आणि खर्चाची वजावट नाही, घोड्यांसाठी सातपैकी दोन वर्षं नफा दाखवला तर धंदा असल्याचं गृहीत धरतात. आणि तो धंदाच ठरला तर व्हिसाचा प्रश्न उलट वाढतो.

मुलीसाठी मात्र मनापासून हो म्हणते. आधी सहा महिने एखाद्या शांत घोड्याचं हाफ-लीज घ्या, म्हणजे विकत न घेता भाडं देऊन ठरलेले दिवस वापरायचा. तिची आवड टिकली तर दहा-बारा वर्षांचा, खच्ची केलेला, ट्रेलवर मुरलेला एकच घोडा घ्या, आणि तो पैसा गुंतवणूक म्हणून नाही तर तिच्या क्लासच्या फीसारखा खर्च म्हणून धरा. त्यासाठी ४०,००० पैकी सहा महिन्यांचा घरखर्च आधी वेगळा काढायचा, नोकरी गेली तर एच-१बी वर साधारण ६० दिवसच मिळतात हे विसरू नका.

घेताना तपासणी विकणाऱ्याच्या डॉक्टरकडून नको, आपला व्हेट न्या, डोळे खास बघायला सांगा. कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रक्ताच्या आजाराची तपासणी) कागद मागा, मालक बदलताना आयडाहोत ब्रँड इन्स्पेक्शन (मालकीची सरकारी तपासणी) लागतं ते करून घ्या, आणि आयडाहोतल्याच मॉस्को गावातला अ‍ॅपलूसा हॉर्स क्लब या जातीची नोंद ठेवतो, त्याच्या ट्रान्सफरच्या कागदावर सही झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, "पेपर नंतर देतो" म्हणाला तर सरळ निघून या. ब्रीडरला या आठवड्यात टोकन देऊ नका, आधी वकिलाचं उत्तर येऊ दे.