कालची आगगाडी, आजचा डायनासोर

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. वर्षभर त्याला आगगाडीखेरीज काही सुचत नव्हते, मग डायनासोर आले आणि आता अंतराळयानाचा ध्यास लागला आहे. जुनी खेळणी धूळ खात पडली आहेत. चित्रपट मात्र तो रोज एकच मागतो, त्यातले संवादही त्याला पाठ आहेत आणि दुसरा लावला तर रडतो. ही धरसोड म्हणावी की हट्ट? नवी खेळणी आणावीत का?

उत्तर : यात धरसोडही नाही आणि हट्टही नाही. एखाद्या विषयात पुरते शिरायचे, त्यातून हवे ते घ्यायचे आणि मग बाहेर पडायचे, ही या वयाची रीतच आहे. आगगाडीतून तो बाहेर पडला आहे, चित्रपटातून अजून पडलेला नाही, एवढाच फरक.

पुढे काय घडणार या उत्सुकतेने आपण चित्रपट पाहतो. चार वर्षांच्या मुलाला मात्र कथेचा धागा पहिल्या खेपेला पुरता हाती लागत नाही, आणि कोणते पात्र कशामुळे तसे वागले हे तर बऱ्याच उशिरा कळते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एका कार्यक्रमाचा एकच भाग सलग पाच दिवस दाखवल्याचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांची समज वाढत गेली आणि ती कंटाळण्याऐवजी पडद्यावरच्या प्रश्नांना अधिक उत्साहाने उत्तरे देऊ लागली. शिवाय भीतीचा प्रसंग कधी येतो आणि कधी सरतो हे ठाऊक असले की तो सोसवतो. नव्या चित्रपटात हा भरवसा नसतो, म्हणून रडू येते. तुम्ही अधूनमधून शेजारी बसून ‘तो असा का वागला?’ एवढेच विचारा. महिन्याभराने त्याच प्रश्नाचे उत्तर बदललेले आढळेल. वेळेची मर्यादा मात्र पाळावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार त्याच्या वयाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक पडदा नको. कथा पाठ असल्याने चित्रपट तुकड्यांत दाखवणेही जमेल.

एकाच विषयाचे वेड लहानपणी बरेच आढळते. २००७ सालच्या एका अभ्यासात सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये असा तीव्र ओढा दिसला होता. विषय बदलला तरी नावे लक्षात ठेवणे, प्रकार पाडणे, लहानमोठे ताडणे ही सवय पुढच्या विषयात त्याच्यासोबत जाते. त्यामुळे वेडाची काळजी नको. मात्र हाक मारल्यावर तो सहसा वळून पाहत नसेल, आपल्या आवडीची गोष्ट कोणाला दाखवावी असे त्याला वाटत नसेल किंवा दिनक्रमातल्या किरकोळ बदलानेही तासन्‌तास अस्वस्थ राहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य भेटा.

आता खरेदीविषयी. माझ्या मते घाई मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक असते : मुलाने यानाचे नाव काढायचा अवकाश, की अख्खा संच घरात येतो आणि कल्पनेला करण्याजोगे काही उरत नाही. त्यापेक्षा रिकामे खोके, रंग आणि ग्रंथालयातले एखादे पुस्तक द्यावे, आणि ओढ महिनाभर टिकली तर एकच खेळणे आणावे. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांपुढे सोळाऐवजी चारच खेळणी ठेवली, तेव्हा ती प्रत्येकाशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. तुमचा मुलगा त्यांहून मोठा असला तरी पसारा कमी ठेवायला हरकत नाही. आगगाडी आणि डायनासोर कोणाला देऊन टाकू नका. खोक्यात भरून ठेवा आणि काही आठवड्यांनी त्यांतले थोडेच यानाशेजारी मांडून पाहा.