ॲप नंतर बनवा, आधी तासांचा हिशेब मांडा

ऑनलाइन पर्सनल ट्रेनिंगबद्दल आलेली बरीचशी पत्रं ठाणे-नवी मुंबईतल्या जिम ट्रेनरांची आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या जिममध्ये सहा वर्षं पर्सनल ट्रेनर आहे. आता ऑनलाइन सुरू करायचंय. कोणी म्हणतं स्वतःचं ॲप काढ, कोणी म्हणतं आधी शंभर व्हिडिओ शूट करून ठेव. सुरुवात कुठून करू आणि फी किती ठेवू? (वाचक, कासारवडवली)

ॲप आणि शंभर व्हिडिओ, दोन्ही तूर्तास बाजूला ठेवा. स्क्वॅट कसा मारायचा हे यूट्यूबवर फुकट कळतं, त्याचे पैसे कोणी देत नाही. आपण दांडी मारली तर कोणीतरी विचारणार आहे, याचे पैसे लोक देतात. म्हणजे तुम्ही तुमचं लक्ष विकताय, आणि ते तासांत मोजता येतं.

दोन प्रकार आहेत. पहिला लाइव्ह. सेशन ४५ मिनिटांचं, पण कॉल जुळणं, उशिरा येणं, नंतर नोंद करणं धरून तास जातोच. नोकरदारांना सकाळी ६ ते ९ हीच वेळ हवी असते. रोज ३ सेशन, आठवड्याचे ६ दिवस म्हणजे १८. प्रत्येकाला आठवड्यातून तीनदा घेतलंत, तर सकाळ ६ क्लायंटमध्येच भरली. रात्री ८ नंतरही तेच. घरी बसून तुम्ही पुन्हा जिमचीच पाळी करताय.

दुसरा प्रकार प्लॅन आणि आठवड्याचा चेक-इन, म्हणजे क्लायंटने आठवडाभर काय केलं याची विचारपूस. यात एका क्लायंटमागे आठवड्याला साधारण अर्धा तास जातो : लॉग, म्हणजे क्लायंटने भरलेली व्यायामाची नोंद, वाचायला ८ मिनिटं, पाठवलेले व्हिडिओ बघायला १०, व्हॉइस नोटला ५, पुढच्या आठवड्याचे बदल करायला ७. ३० क्लायंटचे १५ तास होतात आणि ते दुपारी बसूनही होतात. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. लाइव्ह फक्त नवशिक्यांना, पहिले दोन आठवडे द्यावं.

फी शेजारच्या ट्रेनरचा रेट बघून ठरवू नका. समजा महिन्याला ६०,००० रुपये सुटायला हवेत. पाटी ३० क्लायंटची असली तरी हिशेब २० वर बसवा, कारण सुट्ट्या, बदल्या, लग्नं यांत काही जागा कायम रिकाम्या असतात. ६०,००० भागिले २० म्हणजे ३,०००. पेमेंट गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,००० मागे ७१ रुपये कटतात. तेही फीमध्ये धरा.

पहिले पाच क्लायंट इन्स्टाग्रामवर शोधत बसू नका. पुण्याला किंवा बंगळुरूला बदली झालेले, शिफ्ट बदलल्यामुळे जिम सुटलेले, असे तुम्हाला ओळखणारे लोक गाठा. मात्र आधी जिमशी केलेला करार नीट वाचा. तिथले क्लायंट बाहेर घेऊ नयेत असं कलम असू शकतं. त्या पाच जणांना १२ आठवड्यांचा प्लॅन द्या, आणि फी घेऊनच द्या. फुकटातला माणूस दुसऱ्या आठवड्यात लॉग भरायचं सोडतो आणि तुम्हाला काहीच शिकायला मिळत नाही.

साधनं तीनच : गूगल फॉर्म, प्रत्येकाची एक गूगल शीट आणि वेगळ्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस. त्यात ‘चेक-इन बाकी’, ‘फी बाकी’ अशी लेबलं लावा. ट्रेनराइझसारखं ट्रेनरांसाठीचं विकतचं ॲप, शीट सांभाळणं डोईजड झाल्यावर घ्या. उत्तर द्यायची वेळ पहिल्याच दिवशी सांगा, उदाहरणार्थ सकाळी १० ते संध्याकाळी ७. नाहीतर रात्री पावणेबाराला पावभाजीचा फोटो येतो, खाली प्रश्न असतो, ‘सर, हे चालेल?’

प्रश्न : क्लायंट व्हिडिओ पाठवतात, पण त्यातून चूक कळत नाही. समोर असतो तर हात लावून दाखवलं असतं. (वाचक, ऐरोली)

चूक न कळण्यामागे बहुतेक वेळा फोन चुकीच्या जागी ठेवलेला असतो. जमिनीवर ठेवून वर रोखलेल्या फोनमध्ये स्क्वॅटची खोली फसवी दिसते. फोन कमरेच्या उंचीवर हवा : खुर्चीवर दोन डबे, त्यांना टेकवून फोन उभा. अंतर ८ ते १० फूट. आपल्याकडच्या वन बीएचके हॉलमध्ये तेवढी जागा नसेल तर वाइड लेन्स चालेल, पण माणूस चौकटीच्या मधोमध हवा, कारण कडेला अंग ताणल्यासारखं दिसतं. खिडकी क्लायंटच्या पाठीमागे असेल तर नुसती सावली दिसते. खिडकी फोनच्या मागे येईल असं बघा.

स्क्वॅट आणि डेडलिफ्ट बाजूने शूट करायला सांगा. गुडघे आत येतायत का हे बघायला एक व्हिडिओ समोरून. पहिला सेट मागू नका, तो सगळ्यांचाच देखणा असतो. शेवटच्या सेटचे शेवटचे ४-५ रेप्स (त्याच हालचालीच्या आवृत्त्या) मागा, २०-३० सेकंद पुरतात.

उत्तर देताना एका व्हिडिओला एकच सुधारणा. ‘छाती वर, गुडघे बाहेर, पोट घट्ट, श्वास सोड’ असं एकदम सांगितलं की माणूस ताठ होतो. टाच उचलली जात असेल तर घोट्याची लवचीकता कमी असण्याची शक्यता मोठी. टाचांखाली इंचभर जाडीची फळी द्या किंवा खोली कमी करा, आणि पुढच्या व्हिडिओत फक्त टाच बघा. पुश-अपमध्ये कंबर झोळीसारखी खाली जात असेल तर गुडघे टेकवण्यापेक्षा हात स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायला सांगा. तिथे १२ नीट जमले की पलंगाची कड, मग जमीन. हात लावता येत नाही तिथे व्यायामच असा निवडायचा की चूक करायला वाव कमी राहील. घरी एकट्या असलेल्या क्लायंटला जड बारबेल बेंच प्रेस देऊच नये.

प्रश्न : पहिले दोन महिने क्लायंट उत्साहात असतात. तिसऱ्या महिन्यात फी येत नाही, मेसेजला उत्तर येत नाही. काय चुकतं? (वाचक, नेरुळ)

नवख्याची ताकद पहिल्या सहा-आठ आठवड्यांत भराभर वाढते, कारण मज्जासंस्था हालचाल शिकत असते. नंतर वेग मंदावतो, वजनकाटाही अडतो. क्लायंटला वाटतं प्लॅन संपला. हे होणार आहे असं तुम्ही पहिल्याच कॉलमध्ये सांगितलं नसेल, तर तिसऱ्या महिन्यात सांगितलेलं सबबीसारखं वाटतं.

म्हणून आकडे वेगळे ठेवा. रोजच्या वजनाऐवजी आठवड्याची सरासरी. खारट जेवण आणि पाणी यांनी काटा एका दिवसात किलोभर सहज हलतो. दोन आठवड्यांतून एकदा बेंबीच्या रेषेत कंबरेचं माप. आणि रेप्स. १० किलोच्या डंबेलने ८ ते १२ ची मर्यादा द्या. तिन्ही सेटमध्ये १२ झाले की १२.५ किलो घेऊन पुन्हा ८ पासून सुरू. शीटमध्ये हा चढ रंगवून ठेवा, काटा अडला तरी तो दिसतो.

रविवारच्या चेक-इनमध्ये पाचच प्रश्न : किती सेशन झाली, झोप किती, कुठे दुखलं, भूक कशी होती, पुढच्या आठवड्यात काय आडवं येणार आहे. पाचवा प्रश्न सगळ्यात कामाचा. त्यातून कळतं की गणपतीला माणूस पाच दिवस कोकणात आहे. मग आधीच २५ मिनिटांची दोन विनासाहित्य सेशन लिहून द्या. नवरात्राचे उपास करणाऱ्यांना सेट ४ वरून २ करा, वजन तेच ठेवा. जुना प्लॅन तसाच राहिला की चार सेशन चुकतात, माणूस ओशाळतो, आणि ओशाळलेला माणूस उत्तर देत नाही. लॉग दोन दिवस कोरा दिसला की तिसऱ्या दिवशी तुम्हीच फोन करा.

प्रश्न : मधुमेह असलेले क्लायंट डाएट मागतात. द्यावं का? प्रोटीन पावडरचं कमिशनही सुचवलं जातंय. (वाचक, खारघर)

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण यांत आहारतक्ता देणं आहारतज्ज्ञाचं काम. तुम्ही सर्वसाधारण मार्गदर्शनावर थांबा. निरोगी प्रौढासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं आहेत, ७० किलोच्या माणसाला सुमारे ५८ ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ६-७ ग्रॅम, एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. वाटीभर पातळ वरणावर भिस्त ठेवणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

फी घेण्याआधी ‘पार-क्यू प्लस’ ही व्यायामापूर्वीच्या तब्येतीची प्रश्नावली भरून घ्या, सुरुवातीचे सात प्रश्न आहेत. एकालाही ‘हो’ आलं तर पुढची पानं भरून घ्या, आणि आजार, छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आल्यावरच प्लॅन. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामात घसरू शकते. डोस आणि वेळ डॉक्टर ठरवतील, जवळ साखर किंवा ग्लुकोज ठेवायची आठवण तुम्ही करा. लाइव्ह घेत असाल तर क्लायंटचा पूर्ण पत्ता आणि घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर शीटच्या पहिल्या ओळीत हवा. तो कोसळला तर तुम्हाला १०८ वर पत्ता सांगावा लागेल, आणि ‘खारघर, सेक्टर वीसच्या आसपास’ एवढ्याने रुग्णवाहिका पोचत नाही.

कमिशन घेत असाल तर ते क्लायंटला उघड सांगा. आमचं मत विचाराल तर घेऊच नका. एकदा डबा विकला की तुमचा प्रत्येक सल्ला त्या डब्यासाठी आहे असं वाटू लागतं.

प्रश्न : जीएसटी लागतो का? जिमचे पैसेही धरायचे का? (वाचक, वाशी)

महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते, आणि ती उलाढाल एका पॅनवरची सगळी मिळून मोजतात. जिमकडून पगार मिळत असेल तर तो धरत नाहीत. टक्केवारीवर व्यावसायिक शुल्क मिळत असेल तर धरतात. तुमचं कोणतं हे प्राप्तिकराच्या पोर्टलवर टीडीएस कोणत्या सदराखाली कापलाय ते बघून कळेल. परदेशातल्या क्लायंटचे पैसे नातेवाइकाच्या खात्यातून फिरवून घेऊ नका. स्वतःच्या खात्यात घ्या, इनव्हॉइस काढा आणि बँकेकडून परकीय चलन आल्याचा दाखला मागून ठेवा. दरमहा फीसाठी यूपीआय ऑटोपे लावा. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही, त्यामुळे ५ तारखेला फीची आठवण करत बसावं लागत नाही.