देशी, गावठी की कंट्री?

प्रश्न असा आहे: 'कंट्री म्युझिक'ला, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यांना, मराठीत 'देशी संगीत' म्हटले तर चालेल का? प्रश्नकर्त्याने एका लेखात 'देशी गायक विली नेल्सन याचा १९७५ सालचा यशस्वी स्टुडिओ अल्बम' असे लिहिले आहे (अल्बमचे नाव 'रेड हेडेड स्ट्रेंजर') आणि परत वाचताना ते त्याला खटकते आहे.

खटकणारच. 'देशी' म्हटले की आपल्याला आधी 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी आठवते. त्यातून इथे हा गायक अमेरिकेतला. तिकडे 'देसी' म्हणजे भारत-पाकिस्तानकडचा माणूस. 'अमेरिकेतला देशी गायक' असे वाचून कुणालाही वाटेल की न्यू जर्सीतल्या गणेशोत्सवात कुणी जोशी गायला. बिचारा नेल्सन टेक्सासचा.

एक मात्र कबूल करतो. संगीतशास्त्रात 'देशी' हा शब्द फार मानाचा आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात 'मार्ग' आणि 'देशी' असे दोन भेद आहेत, आणि त्या त्या मुलखातल्या लोकांना आपल्या आवडीप्रमाणे जे रिझवते ते देशी, असा अर्थ दिला आहे. कंट्रीला हे अगदी बेतून शिवल्यासारखे बसते! पण आज 'देशी' ऐकून शार्ङ्गदेव आठवणारे किती?

'कंट्री' इथे देश या अर्थाने नाहीच, शहराबाहेरचा मुलूख या अर्थाने आहे. म्हणजे अर्थाने सगळ्यांत जवळचा शब्द 'गावठी'. आमच्या कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याकडे दोन टोपल्या असतात. पांढऱ्या अंड्यांच्या टोपलीवर काहीच लिहिलेले नाही; लहान, तपकिरी अंड्यांच्या टोपलीवर पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला, त्यावर खडूने 'गावठी', आणि भाव जवळजवळ दुप्पट. हाच शब्द माणसाला लावला की शिवी होते. अंडी, कोंबडी, लसूण यांना लावला की भाव चढतो, आणि तुपापाशी आला की 'गावरान' असा आणखी सुरेख होतो.

अमेरिकेत या संगीताच्या नावाचेही असेच झाले. १९२०च्या दशकात त्याला 'हिलबिली' म्हणत, म्हणजे डोंगरातला अडाणी. पुढे ते नाव गायकांनाच बोचू लागले. 'बिलबोर्ड' या व्यापारी नियतकालिकाने १९४९ साली आपल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीला 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव दिले. तेव्हा 'गावठी' म्हणावे, तर त्यांनी मुद्दाम टाकून दिलेली बोच आपण परत आणू. 'गावरान संगीत' मला मनातून आवडते, पण ते ऐकून लोक हलगी शोधतील.

'लोकसंगीत' तर साफ चूक. लोकगीताचा कर्ता हरवलेला असतो, कंट्रीत तो मानधन घेतो. नेल्सनच्या याच अल्बममधले सर्वांत गाजलेले गाणे, 'ब्लू आईज क्रायिंग इन द रेन', हे फ्रेड रोझ या मुरलेल्या गीतकाराचे. त्याने गायक रॉय एकफबरोबर नॅशव्हिलमध्ये १९४२ साली गाण्यांची प्रकाशन कंपनीच काढली होती. ओवी रचणाऱ्या बाईने कधी कंपनी काढली नाही. तेव्हा 'कंट्री' हाच शब्द ठेवा. जॅझला कुठे आपण मराठी नाव शोधतो?

आता 'स्टुडिओ अल्बम'. अल्बम हा शब्द आपल्याला लग्नाच्या फोटोंमुळे ठाऊक आहे, आणि गाण्यांकडे तो तशाच रूपाने आला. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटेच मावत. अनेक तबकड्यांचा संच विकायचा तर त्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत, एकेका पाकिटात घालून देत. दिसायला थेट फोटोंचा अल्बम. १९४८ साली लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली, सगळा संच एका तबकडीवर बसला, वही गेली आणि नाव राहिले. 'ध्वनिमुद्रिका' म्हणजे तबकडी, तिच्यावरचा गाण्यांचा संच नव्हे; म्हणून मी अल्बमच लिहितो.

'स्टुडिओ' मात्र बहुतेक वेळा गाळावा. मैफलीत मुद्रित केलेल्या अल्बमपासून वेगळेपण दाखवायचे असेल तेव्हाच तो लागतो. तुमच्या लेखात, योगायोगाने, तो सांगण्यासारखा आहे. 'रेड हेडेड स्ट्रेंजर' डॅलसजवळच्या गार्लंड गावातल्या स्टुडिओत झाला. गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफेलचा माउथ ऑर्गन, असा मोजकाच ताफा. ते ऐकून कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना वाटले की हा नुसता डेमो आहे, आपल्या भाषेत कच्चा खर्डा. पण करारात अखेरचा शब्द नेल्सनचा होता, म्हणून खर्डा तसाच छापला गेला.

राहता राहिला 'यशस्वी'. शस्त्रक्रिया यशस्वी होते, चढाई यशस्वी होते. नाटक चालते, गाणे गाजते, तबकडी खपते. हा अल्बम कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि पुढे त्याला दुहेरी प्लॅटिनम मिळाले, म्हणजे अमेरिकेत २० लाख प्रती. याला 'हातोहात खपला' म्हणा.

वाक्य मी असे करीन: 'कंट्री गायक विली नेल्सनचा १९७५ साली आलेला आणि हातोहात खपलेला स्टुडिओ अल्बम'. 'नेल्सन यांचा' का नाही, असे कुणी विचारले तर सांगा, आपण लताबाईंचे गाणे लागले की 'लता लागलीय' म्हणतो.