२००३ ची पेट्रोल कार आहे, जुनी म्हणून पीयूसीतून सूट मिळते का?

नाही, गाडी जुनी झाली म्हणून पीयूसीतून सूट मिळत नाही, उलट सूट असते ती नव्या गाडीला, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून एक वर्ष. हे सगळं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११५ मध्ये आहे. बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या प्रदूषणाच्या मानकांचे टप्पे) आणि त्यापुढच्या गाड्यांचं सर्टिफिकेट वर्षभर चालतं, पण तुमची त्याआधीची आहे त्यामुळे तुम्हाला दर सहा महिन्यांनी टेस्ट करावीच लागणार.

जुन्या गाडीला सवलत मिळते ती धुराच्या मर्यादेत, म्हणजे बीएस-२ च्याही आधीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस-२ आणि बीएस-३ ला मात्र फक्त ०.५ टक्के. २००३ च्या गाड्या दोन्ही प्रकारच्या सापडतात म्हणून सेंटरवाल्याने कुठला स्टेज टाकलाय ते बघाच, चुकीचा टाकला तर चांगली गाडीही उगाच फेल होते. आणि इंजिन नीट गरम झाल्यावरच टेस्ट करा, थंड इंजिनवर रीडिंग जास्त येतं. पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं, त्यामुळे तारीख चुकवू नका प्लीज.

५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळं व्हिंटेज रजिस्ट्रेशन आहे, पण ती गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही.