मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या कडेला काळी सावली आणि दिव्यांभोवती वलये का दिसतात? लेन्स चुकीची बसली असेल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वडिलांचे वय 67. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून फोल्डेबल लेन्स बसवली. समोरचे स्वच्छ दिसते, पण पहिल्या दिवसापासून उजव्या कानाच्या बाजूला चंद्रकोरीसारखी काळी सावली दिसते, ट्यूबलाइट एका बाजूला आली की प्रकाशाची कमान चमकून जाते आणि रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसतात. डॉक्टर तपासून ‘सर्व ठीक आहे’ असे सांगतात. मग लेन्स चुकीची बसली का, आणि डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करावी की नाही?

मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर व चष्म्याचा नंबर तपासणारी) आहे आणि शस्त्रक्रियेनंतर तपासणीला येणाऱ्या रुग्णांशी माझा रोजचा संबंध येतो. आपण दिलेल्या वर्णनावरून लेन्स चुकीची बसल्याचे दिसत नाही. उलट अशी सावली लेन्स आपल्या जागी, मूळ भिंगाच्या पातळ आवरणाच्या पिशवीत अगदी मध्यभागी बसलेली असतानाच प्रामुख्याने आढळते. मात्र वडील जे सांगत आहेत ते खरे आहे, तो मनाचा खेळ नाही. तपासणीत दोष न सापडणे आणि रुग्णाला त्रास नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरातल्यांनी आणि आम्ही तपासणाऱ्यांनीही लक्षात ठेवायला हवे.

कारणांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करून घ्या. सावली पहिल्या दिवसापासून एकाच जागी, एकाच आकाराची आहे की नंतर सुरू होऊन वाढत चालली आहे? नव्याने सुरू झालेली, कडेकडून मधे सरकत येणारी सावली, तिच्यासोबत अंधारातही विजेसारखे चमकणे किंवा अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे वाटणे ही डोळ्याचा मागचा पडदा सुटत असल्याची लक्षणे असू शकतात; तेव्हा त्याच दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा लागतो. त्याचप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, डोळा दुखून लाल झाला आणि नजर कमी होऊ लागली, तर संसर्गाची शक्यता असते आणि तिथे रात्र उलटण्याचीही वाट पाहायची नसते. दीड-दोन महिन्यांच्या सुमारास सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या किंवा नजरेचा नेमका मधला भाग धूसर झाला, तर पडद्याच्या मध्यभागी सूज आली आहे का ते ओसीटी स्कॅनवर (पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत) पाहावे लागते. यांपैकी काही असेल तर पुढचे वाचणे बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठा.

वडिलांना दिसणाऱ्या सावलीला निगेटिव्ह डिसफोटोप्सिया म्हणतात. अमेरिकी नेत्रशल्यविशारद जेम्स डेव्हिसन यांनी 2000 साली या तक्रारीचे नीट वर्णन केले. आपले मूळ भिंग सुमारे 9 ते 10 मिलिमीटर रुंद असते आणि उतारवयात त्याची जाडी 4 मिलिमीटरच्या वर जाते. त्याच्या जागी येणाऱ्या लेन्सचा पाहण्याच्या कामाचा भाग मात्र साधारण 6 मिलिमीटर रुंद आणि मध्यावर जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो. त्यामुळे आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाच्या) मागे, लेन्सच्या पुढे एक पोकळी राहते, जी मोतीबिंदू काढण्यापूर्वी नव्हती. कानाच्या बाजूने अगदी तिरकस येणाऱ्या प्रकाशकिरणांपैकी काही लेन्सच्या कडेजवळून वळून पडद्याच्या मागच्या भागाकडे जातात, तर काही लेन्सला स्पर्शही न करता त्या पोकळीतून निसटून पडद्याच्या बऱ्याच पुढच्या भागावर पडतात. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यावर प्रकाश पोहोचत नाही आणि मेंदूला तिथे चंद्रकोर दिसते. ती कानाच्याच बाजूला का, याचेही उत्तर रचनेत आहे : नाकाच्या बाजूने येणारा तितका तिरकस प्रकाश नाकच अडवते, शिवाय पडद्याचा संवेदनशील भाग नाकाच्या बाजूला अधिक पुढपर्यंत पसरलेला असतो. किरणांच्या मार्गाची ही उकल बहुतेक लक्षणांना लागू पडते, तरी सारख्याच लेन्स बसवलेल्या दोन माणसांपैकी एकालाच सावली का जाणवते, याचे समाधानकारक उत्तर त्यातून मिळत नाही.

ही तक्रार दुर्मिळ नाही. रॉबर्ट ऑशर यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पहिल्या दिवशी सुमारे 15 टक्के डोळ्यांत अशी सावली होती. वर्षभराने हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आणि पुढे आणखी थोडे कमी झाले. म्हणजे बहुसंख्य लोकांची सावली आपोआप विरते किंवा मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. ज्यांची राहते त्यांना मात्र ‘बहुसंख्य’ या शब्दाचा काही उपयोग नसतो, आणि त्यांच्यासाठी उपाय आहेत. ते पुढे सांगते.

ही सावली ओळखण्याची एक साधी रीत आहे आणि ती आपण घरीही करून पाहू शकता. एका निवृत्त शिक्षिका हीच तक्रार घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. उजवा कान खिडकीकडे येईल अशा बेताने मी त्यांना बसवले, डावा डोळा झाकायला लावला आणि समोरच्या दाराच्या कडीकडे पाहायला सांगितले. सावली दिसते आहे, असे त्या म्हणाल्या. मग त्यांच्या उजव्या कानशिलापाशी, खिडकी आणि डोळा यांच्या मधे, मी माझा तळहात उभा धरला. ‘गेली!’ त्या लगेच म्हणाल्या. हात काढताच सावली परत आली. बाजूचा प्रकाश अडवल्यावर जाणारी सावली ही लेन्सच्या कडेची; पडदा सुटल्यामुळे आलेली सावली हाताने अशी येत-जात नाही. थेंबांनी बाहुली मोठी केल्यावरही ही सावली बहुधा फिकट होते, कारण त्या मधल्या पट्ट्यावर थोडा जास्त प्रकाश पोहोचतो. भर उन्हात बाहुली आकसली की ती ठळक होते. अर्थात, हा प्रयोग ओळखीपुरता आहे. पडद्याची तपासणी झाली नसेल, तर त्यावर विसंबून ती टाळू नका.

ट्यूबलाइटची कमान हा याचाच दुसरा प्रकार आहे. आजच्या बहुतेक लेन्सची मागची कड काटकोनात कापलेली, धारदार असते. अशी कड मुद्दाम ठेवली जाते. पूर्वीच्या गोलसर कडेच्या लेन्समागे पिशवीतील उरलेल्या पेशी सरकत येत आणि काही काळाने लेन्समागची पिशवी धूसर होऊन तिथे जाळी धरे. धारदार कड त्या पेशींना बाहेरच रोखते, हे 1990च्या दशकात ध्यानात आले आणि लेन्सची घडण बदलली. जाळीचे प्रमाण चांगलेच घटले, पण बाजूने येणारा प्रकाश त्याच कडेवर आदळून आतल्या आत परावर्तित होतो आणि कमान, रेघ किंवा चमक म्हणून दिसतो. हायड्रोफोबिक अ‍ॅक्रिलिकसारख्या पदार्थांचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) आपल्या मूळ भिंगापेक्षा जास्त असल्यामुळे ही चमक आणखी जाणवते. माझ्या मते हा सौदा एकंदरीत रुग्णाच्या हिताचाच आहे, पण त्याची कल्पना शस्त्रक्रियेपूर्वी द्यायला हवी, आणि पुष्कळदा ती दिली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. दोन वाक्यांत सांगून ठेवले असते तर आपल्या वडिलांचे हे सहा आठवडे काळजीत गेले नसते.

रात्रीच्या वलयांबद्दल बोलताना लेन्स कोणत्या जातीची आहे हे आधी कळायला हवे. ती मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल असेल, तर वलये तिच्या कामाच्या पद्धतीतच आहेत. अशा लेन्सवर सूक्ष्म वर्तुळाकार कडी कोरलेली असतात आणि ती येणारा प्रकाश दूरसाठी व जवळसाठी वाटून देतात. पारंपरिक द्विकेंद्री रचनेत दूर आणि जवळ या दोन्हींच्या वाट्याला साधारण 41-41 टक्के प्रकाश येतो आणि उरलेला 18 टक्क्यांच्या आसपासचा प्रकाश विखुरतो. समोरून गाडी येते तेव्हा दूरच्या केंद्रामुळे दिव्याची रेखीव प्रतिमा पडद्यावर उमटते आणि जवळच्या केंद्राचा पसरलेला प्रकाश तिच्याभोवती वलय होऊन दिसतो. चष्म्याविना वाचता येण्याची ही किंमत आहे. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत, काहींना वर्षभरात तिची सवय होते. पण ज्यांचे पोट रात्रीच्या ड्रायव्हिंगवर आहे त्यांनी ही लेन्स निवडण्यापूर्वी फार विचार करावा, असे मी प्रत्येकाला सांगते.

लेन्स साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरासाठीची, असेल, तर वलयांची कारणे बहुधा इतरत्र सापडतात आणि त्यांपैकी बरीचशी सहज दूर होण्यासारखी असतात. शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळ्यांतील ओलावा कमी झालेला असतो; कोरड्या पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो आणि प्रत्येक दिव्याला किरणे फुटलेली दिसतात. वडिलांनी दोन-चार वेळा पापण्या मिटल्यावर वलय क्षणभर कमी होत असेल, तर कोरडेपणाचा संशय घ्यावा. दुसरे कारण म्हणजे उरलेला नंबर, विशेषतः सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेमुळे येणारा. दीड महिना झाला आहे, म्हणजे आता नंबर बहुतांशी स्थिरावला असेल. चष्मा करून घेतला नसेल तर आधी तो करा आणि रात्री लावून पाहा. तिसरे कारण लेन्समागची जाळी, जी सहसा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी येते.

या जाळीवरून मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. यॅग लेझरने जाळीला मधोमध छिद्र पाडले की नजर स्वच्छ होते आणि ज्यांना खरोखर जाळी आहे त्यांच्यासाठी तो उत्तम उपचार आहे. पण सावली किंवा कमान पहिल्या दिवसापासून आहे, जाळी नाही, आणि तरी ‘लेझर करून बघू’ असे कोणी सुचवले, तर थांबा. पिशवी मागून उघडल्यानंतर पुढे कधी लेन्स बदलण्याची वेळ आली, तर ती शस्त्रक्रिया अधिक अवघड आणि जोखमीची होते. तक्रार नेमकी कशाची आहे हे ठरल्याशिवाय तो मार्ग बंद करून घेऊ नये.

आणखी दोन अनुभव वडील बोलून दाखवतील, त्यांची चिंता करू नका. पांढरा सदरा त्या डोळ्याने निळसर पांढरा आणि न केलेल्या डोळ्याने पिवळट दिसतो, कारण पिकलेला मोतीबिंदू निळा प्रकाश अडवत होता. नजर झटकन वळवल्यावर कडेला काहीतरी थरथरल्यासारखे वाटते, तेही सुरुवातीच्या आठवड्यांत पुष्कळांना होते. मात्र तशी थरथर काही महिन्यांनी नव्याने सुरू झाली, तर लेन्सचा आधार सैल झाला आहे का ते दाखवून घ्या.

आता ‘सर्व ठीक आहे’ या उत्तराबद्दल. स्लिटलॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) लेन्स मध्यभागी दिसते, पडदा निरोगी असतो, तक्त्यावर शेवटची ओळ वाचता येते, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने ते विधान खरे असते. नेहमीची फील्ड टेस्टसुद्धा (नजरेच्या कक्षेची तपासणी) नजरेच्या मध्यापासून 24 किंवा 30 अंशांपर्यंतच तपासते, तर ही सावली त्याच्या बऱ्याच बाहेर असते. म्हणजे रुग्णाचे वर्णन हीच येथे मुख्य तपासणी आहे. ‘नीट दिसत नाही’ एवढेच म्हटले तर समोरच्याला काहीच कळत नाही. पुढच्या भेटीपूर्वी वडिलांना कोऱ्या कागदावर सावलीचे चित्र काढायला सांगा आणि खाली लिहा : कोणत्या डोळ्याने, कोणत्या बाजूला, केव्हापासून, उन्हात जास्त की संध्याकाळी, हात आडवा धरल्यावर जाते का, वाढते आहे का. वलयांसाठी वेगळा कागद करा, कारण त्यांची कारणे वेगळी आहेत. असा कागद घेऊन आलेल्या रुग्णाचे निदान पाच मिनिटांत स्पष्ट झालेले मी पाहिले आहे.

उपायांच्या बाबतीत पहिले काही महिने वाट पाहणे हाच मार्ग बहुतेक डॉक्टर सांगतात आणि तो योग्य आहे. त्या काळात जाड काडीची, बाजू झाकणारी चष्म्याची फ्रेम वापरून पाहा. तळहाताने जे होते तेच ती दिवसभर करते. प्रकाशाच्या कमानीसाठी काही वेळा बाहुली किंचित लहान ठेवणारे थेंब देतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचे. सावलीला त्यांचा उपयोग नाही, उलट ती वाढू शकते. सहा महिने ते वर्षभरानंतरही सावली असह्य असेल, तर लेन्सचा पुढचा भाग पिशवीच्या तोंडातून पुढे आणून बसवणे, किंवा तिच्यापुढे दुसरी पातळ लेन्स ठेवणे, अशा शस्त्रक्रिया करतात. नुसती लेन्स काढून दुसरी त्याच पिशवीत बसवल्याने सावली अनेकदा जात नाही. कमान आणि चमक मात्र वेगळ्या पदार्थाची किंवा वेगळ्या कडेची लेन्स घातल्यावर कमी होऊ शकते. दोन तक्रारींचे उपाय असे वेगळे असल्यामुळेच वर्णनाचा मी एवढा आग्रह धरला.

डाव्या डोळ्याचे म्हणाल, तर उजव्याच्या अनुभवावरून त्याला नकार देऊ नका. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर पहिल्या डोळ्यातील सावली कमी जाणवू लागते, असे अनेक रुग्णांच्या बाबतीत आढळते. डावा मोतीबिंदू फार त्रास देत नसेल, तर उजवा डोळा पुरता स्थिरावेपर्यंत थांबायला हरकत नाही. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक पडून जिना उतरताना अंदाज चुकत असेल, तर मात्र फार लांबवू नका. तारीख ठरवताना डॉक्टरांना स्पष्ट विचारा की या डोळ्यात वेगळ्या कडेची किंवा वेगळ्या पदार्थाची लेन्स बसवता येईल का, आणि लेन्सचे हात (तिला पिशवीत धरून ठेवणाऱ्या बाजूच्या पट्ट्या) आडव्या दिशेने ठेवता येतील का, कारण तशा ठेवणीने सुरुवातीची सावली कमी लोकांना जाणवते असे दिसून आले आहे. उजव्या डोळ्यात बसवलेल्या लेन्सचे नाव, मॉडेल आणि पॉवर छापलेले स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर किंवा लेन्सच्या कार्डावर चिकटवलेले असते. ते सोबत न्या, आणि ते सापडत नसेल तर रुग्णालयाकडून त्या नोंदीची प्रत मागून घ्या.